जुना कॉम्प्युटर सापडला? आधी बटण दाबू नका!

हा भाग ऐकायला जमलं नसेल, किंवा ऐकताना बसच्या हॉर्नमध्ये अर्धा आवाज गेला असेल, तर ही नेहमीप्रमाणे लेखी प्रत. बोलताना जी वाक्यं अर्धवट राहिली ती इथे पूर्ण केलीत, बाकी सगळं जसंच्या तसं.

मागच्या दिवाळीच्या आवराआवरीत आमच्या आळंदीच्या घरी माळ्यावरून एक कॉम्प्युटर खाली आला. कधी काळी पांढरा असावा, आता चहाच्या रंगाचा झालेला. हा माझ्या काकांचा. १९९८ पासून पुढची दहा-बारा वर्षं त्यांचं प्रदक्षिणा रस्त्याजवळ डीटीपी आणि झेरॉक्सचं छोटं दुकान होतं. लग्नपत्रिका, हरिनाम सप्ताहाची पत्रकं, शाळेतल्या पोरांचे प्रोजेक्ट, सगळं याच पेटीतून बाहेर पडलेलं.

भंगारवाला दारातच उभा होता. म्हणाला, "तीनशे देतो." काका म्हणाले, "जा घेऊन." आणि मग त्यांनाच एकदम काहीतरी आठवलं. "अगं थांब थांब. यात अण्णांच्या वह्या आहेत!"

अण्णा म्हणजे माझे आजोबा. कीर्तन करायचे. कीर्तनाची तयारी म्हणून त्यांनी आयुष्यभर टिपणं काढली होती, तीन जाड वह्या भरून. कुठला दृष्टांत कुठे घ्यायचा, कुठल्या शब्दाचा अर्थ कसा उलगडायचा, कुठल्या गावात लोक कशाला हसले, असं सगळं. दुकान सुरू झाल्यावर काकांनी रात्री बसून त्या वह्या टाइप केल्या. पुस्तक काढायचं होतं, ते राहून गेलं. पुढे एका पावसाळ्यात ओल आणि वाळवी या दोघांनी मिळून मूळ वह्या संपवल्या. इंद्रायणीकाठी वह्या बुडण्याची आणि तरण्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो, पण आमच्या वह्या काही आपोआप वर येणार नव्हत्या.

म्हणजे अण्णांचं सगळं लिखाण आता या एका डब्यात. काका वायर शोधायला लागले. "लाव की, बघू चालू होतो का."

मी म्हणाले, "काका, वायरीला हात लावू नका."

आजचा भाग या एका वाक्यावर आहे. जुनं मशीन हातात आलं की काय करायचं, कुठल्या क्रमानं करायचं, आणि मराठीत लिहिलेलं काही त्यात असेल तर मशीन चालू झाल्यावरही काम अर्धंच का झालेलं असतं, ते बघू.

बटण का दाबायचं नाही?

माझा पहिला जुना कॉम्प्युटर मी स्वतः मारला आहे, म्हणून सांगते. कॉलेजात असताना ओळखीतून एक फुकट मिळाला. उत्साहात घरी आणला, वायर लावली, बटण दाबलं. फट्ट! जळका वास, धूर, आणि आईचा आरडाओरडा. आत नक्की काय होतं हे शेवटपर्यंत कळलं नाही, कारण त्या झटक्यात हार्डडिस्कही गेली.

झालं काय होतं? कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये आणि मदरबोर्डवर कपॅसिटर असतात, छोट्या पिंपासारखे उभे. त्यांच्यात एक ओला रसायनाचा थर असतो. वर्षानुवर्षं वीज न मिळाल्यानं आणि उष्णतेनं तो वाळतो किंवा गळतो. १९९९ ते २००७ च्या दरम्यानच्या पुष्कळ मदरबोर्डांवर तर मुळातच खराब कपॅसिटर बसले होते. त्यांची डोकी फुगलेली दिसतात, वडा फुगावा तशी. एसएमपीएस बिघडलेला असेल तर पाच किंवा बारा व्होल्टच्या वायरीवर भलतंच व्होल्टेज जाऊ शकतं. आणि हार्डडिस्क त्याच वायरींवर जगते.

म्हणून क्रम पाठ करून ठेवा. आधी माहिती, मग मशीन, शेवटी अपग्रेड. बहुतेक लोक हे बरोबर उलटं करतात.

आधी माहिती

कॅबिनेट उघडलं. वर बोटभर धूळ, आत कोळ्याचं जाळं, एका कोपऱ्यात मेलेलं झुरळ. ब्लोअर मारायची घाई केली नाही. आधी फोनवर सगळ्या बाजूंनी फोटो काढले. कुठली केबल कुठे, लाल कडा कुठल्या बाजूला, जंपर कुठे बसलाय. हे फोटो पुढे दहा वेळा उपयोगी पडले. तुमच्या हातात फोन आहेच, तर स्क्रू काढायच्या आधी वापरा.

मग हार्डडिस्क सोडवली. क्षमता ४.३ जीबी. तुमच्या १२८ जीबीच्या फोनमध्ये अशा जवळपास तीस डिस्क मावतील. आणि तरी काकांचं पूर्ण दुकान तिच्यात बसलं होतं.

ही डिस्क आयडीई प्रकारची, म्हणजे मागे ४० पिनांची रांग. तिला आजच्या लॅपटॉपला जोडायला यूएसबीचा अॅडॅप्टर मिळतो. घेताना एवढं बघा की सोबत वेगळा पॉवर अॅडॅप्टर आहे. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात आणि ते यूएसबीतून येत नाहीत. जंपर 'मास्टर'वर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. डिस्क जोडल्यावर विंडोज कधी कधी विचारतं, "ही डिस्क फॉरमॅट करायची का?" उत्तर कायम 'नाही'. मी तर विंडोज वापरलंच नाही. पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं आणि डिस्क न उघडताच तिची पूर्ण नक्कल काढली. फाइली एकेक कॉपी करायच्या नाहीत. पहिल्या बिंदूपासून शेवटच्या बिंदूपर्यंत जशीच्या तशी प्रतिमा, म्हणजे इमेज, घ्यायची. यासाठी डीडीरेस्क्यू नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. त्याची अक्कल अशी की आधी जे सहज वाचता येतं ते सगळं उचलतं, खराब जागा वहीत टिपून पुढे जातं, आणि शेवटी परत येऊन त्या जागा पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करतं. साध्या कॉपीचं उलट असतं. ती पहिल्याच खराब जागेवर अडते आणि मरायला टेकलेल्या डिस्कला तिथेच घासत बसते.

आमच्या डिस्कचा बराचसा भाग वीसेक मिनिटांत आला. उरलेल्या थोड्या जागांवर मात्र पूर्ण रात्र गेली. डिस्क मधूनच कट्-कट् करायची आणि काका शेजारच्या खोलीतून विचारायचे, "आहे ना अजून?" सकाळी बघितलं तर काही जागा वाचल्याच गेल्या नव्हत्या. त्या जागांवर काय होतं, ते शेवटी सांगते.

इमेजच्या तीन प्रती केल्या. एक लॅपटॉपवर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक दुसऱ्या घरी बहिणीकडे. मूळ डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवली. तिला पुन्हा वीज द्यायची नाही.

मग मशीन

तुम्ही म्हणाल, इमेज मिळाली, आता त्या डब्याचं काय काम? मलाही तसंच वाटलं होतं. इमेजमधून काकांच्या फाइली काढल्या. त्या पेजमेकरच्या निघाल्या. पेजमेकर म्हणजे एके काळी प्रत्येक डीटीपीवाल्याचा श्वास. त्याची शेवटची, सातवी आवृत्ती २००१ मध्ये आली आणि मग ते बंदच पडलं. सुदैवानं आजचं लिबरऑफिस ड्रॉ पेजमेकरच्या जुन्या फाइली उघडतं. उघडली. आणि पडद्यावर आली नुसती इंग्रजी अक्षरांची भेळ. अण्णांच्या टिपणाच्या जागी अर्धविराम, डॉलर, कंस, काहीही.

काका खुर्चीत मागे टेकले. "गेलं म्हणजे."

गेलेलं नव्हतं. पण मूळ पानं कशी दिसत होती हे बघायला तेच मशीन, तोच फॉन्ट, तेच सॉफ्टवेअर लागणार होतं. म्हणून आता मशीन.

क्रमानं सांगते. आधी मदरबोर्डवरचा सेल. नाण्यासारखा गोल सेल असेल, सीआर२०३२, तर तो बदलायला मिनिट लागतं. तो मेला की कॉम्प्युटर आपली तारीख विसरतो आणि बहुतेक वेळा १ जानेवारी १९८० म्हणतो. डॉसचं कॅलेंडर तिथूनच सुरू होतं. त्याआधीच्या ३८६ किंवा ४८६ बोर्डांवर मात्र निळ्या-हिरव्या पिंपासारखी बॅटरी थेट सोल्डर केलेली असते. ती हमखास गळते आणि तांब्याच्या रेषा खाऊन टाकते. ती दिसली की मशीन चालवायचं असो वा नसो, आधी कापून काढा. गळलेला पदार्थ अल्कलीचा असतो, म्हणून पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाचा रस कापसानं लावायचा, मग आयपीएनं पुसायचं. आयपीए म्हणजे मोबाइल रिपेअरवाल्याकडे असतं तेच. चिंचेनं पितळ घासतो त्यातलाच प्रकार, फक्त हात हलका.

दुसरं, रॅम आणि कार्डं काढून त्यांच्या सोनेरी पट्ट्या साध्या खोडरबरानं पुसल्या. चेष्टा नाही करत. 'चालू होत नाही' म्हणून टाकलेली कितीतरी मशीनं एवढ्यावर उठतात.

तिसरं, एसएमपीएस. इथे जरा थांबा. एसएमपीएसच्या डब्याच्या आत वीज काढल्यावरही जीवघेणा चार्ज राहतो. अनुभव नसेल तर डबा उघडू नका. जुन्या एटी कॅबिनेटमध्ये तर पुढच्या बटणापर्यंत थेट २३० व्होल्ट येतात, त्यामुळे त्या बटणाच्या मागच्या वायरींशी खेळायचं नाही. आणि जुना काचेचा मॉनिटर कधीच, कधीच उघडायचा नाही. त्याच्या नळीत वीस हजार व्होल्टच्या वर दाब असतो. मी नोकरीत रोज पॅनेल उघडते आणि तरी काचेच्या मॉनिटरला हात लावत नाही.

काकांचा एसएमपीएस मी कामावरच्या एका सीनियर दादांकडे नेला. त्यांनी डिस्क आणि बोर्ड काहीही न जोडता, नुसता लोड लावून मल्टिमीटरनं तपासला. दोन कपॅसिटर बदलले. परत जोडताना एटी मदरबोर्डला दोन वेगळे कनेक्टर येतात. ते उलटे बसले तर बोर्ड जळतो. नियम सोपा आहे: काळ्याला काळी. दोन्ही कनेक्टरच्या काळ्या वायरी मधोमध शेजारीशेजारी यायला हव्यात.

मूळ डिस्कच्या जागी मी ८ जीबीचं कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड लावलं, जुन्या कॅमेऱ्यात असायचं ते. हे कार्ड आयडीईचीच भाषा बोलतं, त्यामुळे एका छोट्या पट्टीवर बसवलं की कॉम्प्युटरला ती डिस्कच वाटते. ८ जीबीच का? त्या काळच्या पुष्कळ बायॉसना ८.४ जीबीच्या पुढचं दिसतच नाही. ५०० जीबीची डिस्क लावून 'अपग्रेड' करायला जाल तर मशीन गोंधळून बसेल. कार्डावर इमेज उतरवली, मागच्या व्हीजीए पोर्टला आजचा मॉनिटर जोडला, घरातल्या सगळ्यांना दोन पावलं मागे उभं केलं आणि मग बटण दाबलं.

एक बीप. मेमरीचे आकडे मोजत वर गेले. विंडोज ९८ चे ढग आले. काका काही बोलले नाहीत, फक्त चष्मा पुसला. मग पेजमेकर उघडलं, पहिली फाइल उघडली, आणि अण्णांचं पहिलं वाक्य स्वच्छ मराठीत समोर आलं.

अक्षरं इंग्रजी का झाली?

हे नीट समजून घ्या, कारण तुमच्या घरात, ग्रामपंचायतीत, शाळेत अशा हजारो फाइली असतील.

आज तुम्ही फोनवर 'क' टाइप करता तेव्हा 'क' या अक्षराचा जगभर ठरलेला एक क्रमांक साठवला जातो. ही युनिकोड पद्धत. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली तेव्हाच तिच्यात देवनागरीला १२८ जागा दिल्या होत्या. त्याच वर्षी भारताचं स्वतःचं प्रमाण, इस्की, ठरलं. त्यामागे इथल्याच लोकांचं काम होतं. आयआयटी कानपूरला सुरू झालेलं जिस्ट तंत्र पुढे पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकमध्ये वाढलं. जिस्ट कार्ड कॉम्प्युटरच्या खाचेत बसवलं की डॉसच्या काळ्या पडद्यावर मराठी दिसायचं.

पण विंडोजला देवनागरी कळायला २००० साल उजाडावं लागलं. तोवर काकांसारख्यांनी धंदा कसा करायचा? फॉन्ट बनवणाऱ्यांनी एक जुगाड केला. कॉम्प्युटरला वाटतं आपण इंग्रजी 'जे' साठवतोय, फॉन्ट मात्र 'जे'च्या जागी 'र'चं चित्र दाखवतो. कृतिदेव फॉन्टमध्ये 'राम' लिहिलं तर फाइलमध्ये असतं जे, के, ई. 'जे' म्हणजे र, 'के' म्हणजे काना, 'ई' म्हणजे म. फॉन्ट आहे तोवर राम दिसतो. फॉन्ट गेला की उरतो जे-के-ई.

आणि हेच तीन बटणं का? कारण टाइपरायटर! काका टायपिंग शिकले ते देवनागरी टाइपरायटरवर. गोदरेज अँड बॉइसनं १९५५ मध्ये भारतात टाइपरायटर बनवायला घेतला आणि २००९ च्या सुमारास नवे बनवणं थांबवलं. मधल्या काळात तालुक्याच्या कचेरीपासून टायपिंग क्लासपर्यंत सगळीकडे खटखट तीच. त्या यंत्रावर बटणं मोजकी आणि आपली अक्षरं खूप. म्हणून पूर्ण 'भ'ला स्वतंत्र बटण नव्हतं. अर्धा 'भ्' मारायचा आणि त्याला काना जोडायचा, झाला 'भ'. 'किती' लिहायचं तर ऱ्हस्व वेलांटी आधी, 'क' नंतर, कारण कागदावर ती डावीकडे येते. मात्रा आणि अनुस्वाराची बटणं दाबली तर कागद पुढे सरकायचाच नाही, म्हणजे दोन खुणा एकावर एक बसतात.

फॉन्टवाल्यांनी हाच कीबोर्ड उचलला, म्हणजे टायपिंग येणाऱ्याला नव्यानं शिकायला नको. काकांचा फॉन्ट दुसऱ्या कंपनीचा होता, पण तत्त्व हेच. म्हणजे गंमत बघा, १९५० च्या दशकातल्या लोखंडी यंत्राची अडचण २००० सालच्या फाइलीत जशीच्या तशी जाऊन बसली. पेजमेकरच्या फाइलीत भाषा नव्हतीच. टाइपरायटरचे ठसे होते.

म्हणून फाइलींबरोबर जुन्या मशीनवरचे फॉन्टही नक्की काढून ठेवा. विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. तीच कुलपाची किल्ली.

आचार्य की आचारी?

जुन्या फॉन्टमधून युनिकोडमध्ये बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत. ते काय करतात? प्रत्येक ठसा बघून खरं अक्षर शोधतात आणि क्रम सुधारतात. 'किती'तली वेलांटी उचलून 'क'च्या नंतर ठेवतात. 'धर्म'मधला रफार फाइलीत 'म'च्या नंतर असतो, तो 'म'च्या आधी नेतात. अर्धा 'भ्' अधिक काना दिसला की पूर्ण 'भ' करतात.

मी वापरलेला कन्व्हर्टर बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेला असावा. सगळं झकास झालं आणि मग दुसऱ्या पानावर काका थबकले. "हे काय? आचार्यांनी भात चांगला शिजवला?"

अण्णांनी सप्ताहातल्या पंगतीची गोष्ट लिहिली होती. मूळ शब्द होता 'आचाऱ्यांनी', म्हणजे स्वयंपाक करणाऱ्यांनी. मराठीत 'र'ची दोन रूपं आहेत. 'आचार्यांनी'मधला रफार डोक्यावर जातो, 'आचाऱ्यांनी'मधला र आडवा, कोयरीसारखा. 'दर्या' म्हणजे समुद्र, 'दऱ्या' म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला या दुसऱ्या र ची गरज नाही, म्हणून कन्व्हर्टरनं सगळीकडे रफार ठोकून दिला होता. आळंदीत बसून 'वारकर्यांनी' असं वाचायचं म्हणजे दातात खडा!

'वारकर्यांनी' तर सगळीकडे बदलून टाकता येतं, कारण तसा दुसरा शब्दच नाही. पण 'आचार्यांनी'चं काय? कीर्तनाच्या टिपणात दोन्ही येणार. कुठे उपदेश करणारे, कुठे भात शिजवणारे. हे यंत्र ठरवू शकत नाही. वाक्य वाचून माणसालाच ठरवावं लागतं. म्हणून मी लॅपटॉपवर आणि काका जुन्या कॉम्प्युटरसमोर, असे आम्ही पाच रविवार बसलो. ते त्यांच्या पडद्यावरून मोठ्यानं वाचणार, मी माझ्याकडे सुधारणार. तो चहाच्या रंगाचा डबा यासाठी जिवंत करायला लागला. मूळ पान कसं होतं याचा तो एकटाच साक्षीदार होता.

शेवटी अपग्रेड

अपग्रेडबद्दल तुम्ही सगळ्यात जास्त विचारता. माझा नियम कामावरून आलाय. मी चाकणला एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. या पट्ट्यात आजही अशी सीएनसी मशीनं आहेत की ज्यांचं लोखंड ठणठणीत आहे, पण प्रोग्राम घ्यायला फ्लॉपी किंवा जुना नऊ पिनांचा सिरीयल पोर्ट लागतो. म्हणून लाखोंचं मशीन कुणी फेकत नाही. फ्लॉपी ड्राइव्ह काढून त्याच जागी गोटेकसारखा एम्युलेटर बसवतात. तो पेन ड्राइव्हवरच्या फाइलला १.४४ एमबीची फ्लॉपी म्हणून मशीनपुढे उभी करतो. मशीनला पत्ताच लागत नाही. आणि एक इशारा: जुन्या कंट्रोलची मेमरी बॅटरीवर टिकलेली असते, तिथे बॅटरी मशीन चालू ठेवून बदलायची असते. बंद करून बदलली तर सगळी सेटिंग उडतात. म्हणजे कॉम्प्युटरच्या सेलच्या बरोबर उलट. मॅन्युअल वाचल्याशिवाय हात घालू नका.

याला हसू नका. जपान सरकारनं फ्लॉपीची सक्ती करणारे आपले जुने नियम २०२४ मध्ये संपवले. आणि मालवाहतुकीच्या ऑफिसात गेलात तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अजून किरकिरताना ऐकू येईल. त्याची सुई कागदावर खरोखर आपटते, म्हणून कार्बनच्या तीन प्रती एकदम निघतात. लेझरला हे जमत नाही.

तर नियम असा. मशीन एखाद्या खास जुन्या कामासाठी हवं असेल, म्हणजे जुनं सॉफ्टवेअर, जुना पोर्ट, जुना फॉन्ट, तर त्याला आहे तसं ठेवा आणि फक्त मरणारे भाग बदला: डिस्क, सेल, कपॅसिटर, पंखा. ते इंटरनेटला जोडू नका. विंडोज एक्सपीला २०१४ पासून सुरक्षेचे अपडेट नाहीत, ९८ ला २००६ पासून. आणि मशीन रोजच्या कामाला हवं असेल, समजा कोअर टू ड्युओच्या काळातला लॅपटॉप, तर खुशाल बदला: साधी हार्डडिस्क काढून एसएसडी, रॅम दोनाची चार जीबी, आणि एखादं हलकं लिनक्स. अभ्यास, टायपिंग, बेताचं इंटरनेट एवढ्याला तो आरामात पुरतो. पेंटियमवर मात्र आजचं इंटरनेट चालवायचा हट्ट नको.

उरलेलं भंगारात देताना हार्डडिस्क आधी काढून घ्या. आणि काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, तो नदीकाठी फोडू देऊ नका. ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राला द्या.

बारा पानं

डिस्कवरच्या न वाचलेल्या जागांवर काय होतं ते राहिलं. पहिल्या दोन वह्या पूर्ण मिळाल्या. तिसऱ्या वहीच्या फाइलीची शेवटची बारा पानं त्या खराब जागांवर होती. काकांना वाटलं फ्लॉपीवर बॅकअप घेतला होता. शोधल्या, अकरा फ्लॉप्या निघाल्या. नऊंवर बुरशी. दोन वाचता आल्या, त्यात लग्नपत्रिका.

ती पानं गेली. डीडीरेस्क्यू पुन्हा चालवलं नाही, कारण त्या आवाजात डिस्कचा जो बाकी भाग शाबूत आहे तोही गेला असता.

पण शेवटच्या रविवारी तिसरी वही जिथे तुटते तिथे पोचल्यावर काका वाचायचे थांबले नाहीत. डोळे मिटून पुढचं सांगायला लागले. ते लहानपणी अण्णांच्या मागे टाळ घेऊन उभे राहायचे, तो दृष्टांत त्यांनी कितीदा ऐकलेला. मी हळूच फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं. चाळीस मिनिटं झाली. ते बारा पानांचं लिखाण नव्हे, काकांना आठवलेलं आहे, आणि पुस्तकात आम्ही तसंच सांगणार आहोत.

तर या आठवड्याचं काम. घरी, मामाकडे, शाळेच्या कपाटात एखादा जुना कॉम्प्युटर असेल तर विचारा, यात काय आहे आणि ते टाइप करणारा माणूस अजून आहे का. असेल तर आधी त्याच्याशी बोला. वायर नंतर लावू. काही अडलं तर आतले फोटो काढून पाठवा, पुढच्या भागात बघू. तोवर, काळ्याला काळी. भेटूच!